कोरफडीचं मडकं

"पण आई, न उघडताच कसं म्हणता तुम्ही, मुरलं नाही म्हणून?"

इंदुमतीने मडकं मठाच्या ओट्यावर ठेवलं. कोरफड, मंजिष्ठा, गूळ, आंबवायला धायटीची फुलं... सगळं तिने स्वतः निवडून घातलेलं. वैद्याच्या घरची लेक ती. हे आसव जमलं की स्वतःच्या हाताने औषध द्यायची मोकळीक तिला मिळणार होती.

तिला औषधं शिकवणाऱ्या मठातल्या गोदाआई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"कान लाव."

इंदुमतीने मडक्याला कान लावला. आत बारीक बुडबुड चालली होती. मुरलेलं आसव गप्प असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"शांत आहे," ती म्हणाली.

खांबाला टेकून ठमाबाई बसली होती. बिबे फोडताना तेल गालावर उडालं, आणि गाल उतून लालभडक झालेला. संध्याकाळी तिच्या नातवाचं बारसं होतं. तीही सरकत पुढे आली, भाजलेला गाल वर ठेवून तिनेही कान लावला.

"अगं बया! ताई, आत तर बाया भांडायल्यात!"

गोदाआई उठल्या. मडक्याच्या तोंडाचं फडकं सोडलं. देवापुढची पणती आणून आत जरा खाली धरली.

ज्योत विझली. कच्च्या आसवात ती टिकत नाही.

"वारा आला," इंदुमती म्हणाली.

पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

आईंनी पणती पुन्हा पेटवली. या खेपेला ती इंदुमतीच्या ओठांसमोर धरली.

"सांग बरं, तुला काय काय येतं?"

"मला पुष्कळ..."

विझली.

आईंनी परत पेटवली.

"बाबांनी मला लहानपणापासून..."

विझली.

ठमाबाईला हसू आवरेना. "हसवू नगा हो, गाल ताणायलाय माझा!"

पणती पुन्हा समोर आली. इंदुमतीने तोंड उघडलं... आणि मिटलं.

ज्योत सरळ उभी राहिली. ज्योतीच्या पलीकडे ठमाबाईचा गाल होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते काही हसण्याचंच नव्हतं. मघापासून ही बाई समोर बसली होती. इंदुमतीने तिला आत्ता पाहिलं.

"ठमाबाई... फार आग होतेय का हो?"

ज्योत वाकली. पुन्हा उभी राहिली.

"होतीया ना, ताई. पण पाळणा मीच म्हणणार हाय. ह्ये असलं तोंड बघून लेकरू घाबरंल, म्हणून आले."

इंदुमती गोदाआईंकडे वळली.

"आई, माझं कच्चं आहे. हे लावलं असतं तर त्यांच्या गालाचा भडका उडाला असता. आणि... मला बुडबुड ऐकू आली होती."

आईंनी कोनाड्यातलं आपलं जुनं, मुरलेल्या आसवाचं मडकं पुढे सरकवलं. थोडं आसव वाटीत ओतून त्यात पाणी घातलं. कापूस मात्र इंदुमतीच्या तळहातावर ठेवला.

तिने ठमाबाईची हनुवटी धरली. फुंकर घालत, हलक्या हाताने, कडेकडेने कापूस टेकवत गेली.

"आई गं... झोंबतंय!" ठमाबाईने डोळे घट्ट मिटले. मग एक उघडला. मग दुसरा. "न्हाई... थांबली की आग! गार वाटायलंय!"

आणि तिने तिथेच पाळणा सुरू केला. बेसूर, पण मोकळ्या गळ्याने. इंदुमतीही म्हणू लागली. तिला चाल येत नव्हती, तरी. गोदाआई शेंगांच्या सुपावर ताल धरून बसल्या.

ठमाबाई पदर सावरत, गुणगुणत उतरणीला लागली. इंदुमतीने आपल्या मडक्याला पुन्हा फडकं बांधलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी हळूच कान लावला. तिला हसू आलं.

"आई, अजून बडबडतंय."

"बडबडू दे. तू ऐक."