डोहाकडे धावलेले खूर

फार पूर्वी, माणसांनी जंगलात पायवाटा पाडल्या त्याच्याही आधी, चितळांच्या एका कळपाने पाठशाळा काढली होती. तिथे पाडसांना माग वाचायला शिकवत. कळपाचा म्हातारा मुखिया स्वतः शिकवायचा, आणि आपल्या नजरेतून काही सुटत नाही असा त्याचा तोरा होता.

त्या पाठशाळेत एका हरिणीचं पाडस होतं. त्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. बाकीची पोरं त्याला गाढवाचं पोर म्हणत, ढुशा देत, पाण्यावर आलं की हाकलून लावत. मुखिया म्हणे, पोरंच ती, खेळायचीच.

हळूहळू पाडस पाठशाळेतून निसटून झाडीतल्या डोहावर जाऊन बसू लागलं. तिथे पानांतून त्याच्या अंगावर कवडसे पडत आणि पाण्यात बघावं तर अंगभर ठिपके दिसत. ते बघतच राही. चरणं विसरलं, आईची हाक ऐकू येईना, बरगड्या वर आल्या.

हरिणीचा जीव खालीवर होऊ लागला. तिने समजावलं, रागावूनही पाहिलं. मुखियाने सगळा दोष डोहाच्या माथी मारला आणि वाटेवर काटेरी फांद्या टाकायला लावल्या. पाडसाने दुसरी वाट शोधली. ती बिबट्याच्या कपारीखालून जात होती.

 हे कळताच हरिणी पाठशाळेपासून त्याच्या मागावर धावत सुटली आणि ओल्या मातीत थबकली. खुरांचे ठसे खोल होते, पुढून फाकलेले, भरधाव पळताना उमटतात तसे. पुढे बिबट्याच्या कपारीखाली मात्र ते संथ चालीचे झाले होते.

पाडस डोहावर सुखरूप होतं. तिने त्याला काही विचारलं नाही, नुसतं चाटलं. मग मुखियाला त्या ठशांपाशी आणलं.

"हे कुणाचे, सांगा."

"जीव घेऊन पळणाऱ्या हरणाचे," मुखिया झटकन म्हणाला.

"मग पाठीमागे कोण होतं, तेही बघा."

मुखियाने मागे पाहिलं. ठसे त्याच्याच पाठशाळेतून निघाले होते. त्याची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने काटे उचलायला लावले. ढुशा देणाऱ्यांना समोर बोलावून ताकीद दिली, आणि पाणी पिताना स्वतः पाडसाशेजारी उभा राहू लागला. पाडस लगेच काही बदललं नाही. बरेच दिवस ते डोहावर जाई आणि हरिणी शेजारी बसे. एके दिवशी ते तिथे गेलं, पोटभर पाणी प्यालं आणि पोरांत खेळायला परत आलं.

म्हणून मूल कुठे जाऊन बसतं याचा राग करण्याआधी, ते कशापासून पळतंय हे बघावं.