चाळीस रुपयांची गाडी

“चाकं वेगळी!” नरहरशेट म्हणाला आणि पानाचा विडा गालात सरकवून स्वस्थ बसला.

कुंभाराची येसू गाडीकडे बघतच राहिली. नवी कोरी बैलगाडी, आणि तिचे चाळीस रुपये तिनं आत्ताच शेटच्या हातावर ठेवले होते. बाप गुडघ्यानं अधू झाला होता. त्याला पायी बाजार गाठणं जमेना, म्हणून घरची दोन्ही गाढवं विकून हे पैसे उभे केले होते. बैल मामाकडून उसने मिळणार होते. त्यात संक्रांत तोंडावर आलेली. सुगडं वेळेवर बाजारात गेली नाहीत, तर मागाहून त्यांना कुत्रंही विचारत नाही.

“आवो शेट, चाकाबिगर गाडी चालंल कशी?”

“चालणं ही पुढची गोष्ट. तू गाडी घेतलीस. चालवायची असेल, तर चाकं घे.”

“आन् ह्ये जू?”

“जू वेगळं.”

“आस? दांडी?”

“दोन्ही वेगळी.”

“साटी तरी?”

“साटी घेच असं मी म्हणेन,” शेटनं आपुलकीनं सांगितलं. “बसायला बरी पडते.”

“मग माझं पैसं परत द्या!”

शेटनं दुकानावरच्या पाटीकडे बोट केलं. येसूला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच मोठ्यानं वाचून दाखवलं, “विकलेला माल परत घेतला जाणार नाही.” वाचण्याचे पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत.

गाढवं गेली, पैसे गेले आणि गाडी जागची हलेना! आता बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं? येसू घरी गेलीच नाही. तडक दरबारात जाऊन उभी राहिली. शेटलाही बोलावणं गेलं.

राजा वज्रसेन हट्टी म्हणून चार मुलखांत प्रसिद्ध होता. त्यातून गेल्याच वर्षी त्यानं याच शेटकडून रथ घेतला होता आणि चाकांपासून छत्रापर्यंत सगळ्याचे वेगळे पैसे मुकाट्यानं भरले होते. आता शेटला चूक म्हणावं, तर भर दरबारात आपण फसलो हे कबूल करावं लागणार. राजाला मूर्ख ठरण्यापेक्षा अन्यायी ठरणं परवडत होतं.

“सौदा तो सौदा!” राजा गरजला. “गाडीचे पैसे वेगळे, भागांचे वेगळे. असाच रिवाज आहे.”

“पर महाराज, मी गाडीचं पैसं दिल्यात. मग मला गाडी नको का मिळायला?”

“मग मिळवून दाखव! वर एक कवडी द्यायची नाही, सौदा मोडायचा नाही आणि शेटच्या मालाला हात लावायचा नाही. दिवस मावळायच्या आत जमलं तर गाडी तुझी. नाहीतर चाळीस रुपये शेटचे!”

दरबारात कुणीतरी चुकचुकलं. शेटनं राजाला लवून मुजरा केला. येसूला रडू फुटायला आलं होतं, ते तिनं तसंच गिळलं.

“चालंल, महाराज. ती गाडी तेवढी हितं मागवा. आन् संगं शेटचा सुतार.”

गाडी दरबाराच्या चौकात आली. सुतारही पटाशी-हातोडा घेऊन आला.

“शेट,” येसू म्हणाली, “ज्याचं पैसं म्या दिलं न्हाईत, ते समदं तुमचं. तुमचं तुम्ही काढून घ्या. उगं माझा हात लागायला नको.”

“पोर समजूतदार आहे,” शेट खूश होऊन म्हणाला आणि त्यानं सुताराला खूण केली.

सुतारानं जू काढलं, दांडी काढली. चाकं काढून भिंतीला टेकवली. आस गेला, साटी गेली. चौकाच्या एका कोपऱ्यात ढीग वाढत चालला आणि शेट मान डोलवत राहिला.

“शेट, खिळ्यांचं काय करू?” सुतारानं विचारलं.

“खिळे वेगळे!” शेट सवयीनं म्हणाला.

सुतारानं खिळेही वेचून ढिगावर टाकले.

“झालं?” येसूनं विचारलं.

“झालं.”

“आता माझी गाडी द्या.”

शेटनं समोर बघितलं. समोर चौकातली फरशी होती. राजाही सिंहासनावरून वाकून बघू लागला.

“शेट, हिची गाडी कुठं आहे?”

“ही काय, महाराज!” शेटनं ढिगाकडे हात केला.

“त्यो तर तुमचा माल. येगळा,” येसू म्हणाली. “माझी चाळीस रुपयांची गाडी दावा.”

“अगं पोरी, हे सगळं मिळूनच गाडी होते!” शेट चिडून ओरडला. “एवढंही कळत नाही तुला?”

“मला कवाच कळतंय, शेट. मग ह्ये समदं मिळूनच चाळीस रुपये!”

शेटचा विडा घशातच अडकला. प्रधानानं उपरण्यात तोंड लपवलं. राजानं एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा येसूकडे पाहिलं आणि तो असा खदखदून हसला, की मुकुट सावरायला हात लावावा लागला.

“वा गं पोरी! गेल्या साली तू भेटली असतीस, तर आमचा रथ अर्ध्या किमतीत पडला असता! सुतारा, गाडी जोड! आणि शेट, जोडणावळ वेगळी मागितलीस, तर तुलाच जुंपीन!”

शेटनं काहीच मागितलं नाही.

“आणि तुला, पोरी, आमच्या गोठ्यातली खिल्लारी बैलजोडी बक्षीस!”

येसूनं वाकून मुजरा केला. पण ती जागची हलेना.

“आता काय?” राजानं विचारलं.

“काय न्हाई, महाराज. आधी इचारलेलं बरं. वेसण आन् दावं धरून, का येगळं?”

“धरून गं बाई, धरून!” राजा डोळे पुसत म्हणाला. “आणि वर झुली, घुंगरं अन् महिन्याची वैरण! त्याचं काही वेगळं नाही!”