कपाळावरची शाई

एका राज्यात, जिथे धुकं दुपारपर्यंत झाडांवरून उतरत नसे, तिथे कालजिव्ह मांत्रिकाने मंतरलेल्या शाईने प्रत्येकाच्या कपाळावर त्याचा स्वभाव लिहून ठेवला होता. कुणी नेमस्त सज्जन, कुणी लहरी दुर्जन, कुणी निव्वळ तटस्थ. लिहिल्याविरुद्ध जो वागेल, तो पायांपासून दगड होई. राजा तटस्थ होता. आधी भात की आधी पोळी, हे सात वर्षं त्याचं ठरत नव्हतं. राणीच त्याला भरवी.

केवडा नावाची एक चोरटी होती, लहरी दुर्जन. तिची आईही तशीच. पण आईने एकदा तहानलेल्या वाटसरूला पाणी पाजलं, आणि ती भरबाजारात दगड होऊन उभी राहिली.

राणीने केवडाला बोलावलं. "मांत्रिकाची दऊत उपडी केली की शाप सरेल. आणशील?"

"चोरीच ना? मग जाईन," केवडा म्हणाली. आईचं नाव तिने काढलं नाही.

राणीच्या आज्ञेने हैबतराव शिपाई सोबत निघाला. तो नेमस्त सज्जन.

मांत्रिकाच्या मुलखाच्या पहिल्या दरवाजावर लिहिलं होतं, 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' हैबतराव अर्ज लिहायला बसला. केवडाने कुलूप उघडलं आणि त्याला आत ढकललं. ढकललं जाणं हा काही गुन्हा नव्हता.

पुढे ढगांचा पूल होता. त्यावरची साळुंकी म्हणाली, "शिवी दिल्याशिवाय सोडणार नाही." हैबतराव लाजून गप्प राहिला. केवडाने दोन शिव्या दिल्या, एक त्याच्या वाटची. साळुंकी प्रसन्न झाली.

तिसऱ्या ठिकाणी, निळ्या गुहेत, दऊतीची राखण करणारा अजगर झोपला होता. केवडाने दऊत उचलली आणि तो जागा झाला.

"कोणी उचलली? त्याला मी गिळीन."

शिपायाकडे बोट दाखवलं असतं तर ती सुटली असती. कपाळावरचा शब्द तेच सांगत होता. तिने हैबतरावाकडे पाहिलं. तो घामाने भिजला होता, पण जागचा हलला नव्हता.

"मी," केवडा म्हणाली. तिची पावलं दगड झाली.

"ती नव्हे, मी उचलली," हैबतराव म्हणाला. आयुष्यातलं पहिलंच खोटं. त्याचे पाय गुडघ्यांपर्यंत दगड झाले.

अजगर दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. कुणाला गिळावं हे त्याला कळेना. तेवढ्यात, कमरेपर्यंत दगड झालेल्या केवडाने दऊत उपडी केली. शाई वाहून गेली, कपाळं कोरी झाली, पाय हलू लागले.

"मग माझी चाकरी संपली," अजगर म्हणाला आणि शांतपणे निघून गेला.

राज्यात दगडांची पुन्हा माणसं झाली आणि घरी चालली. राजाने पोळी मोडली आणि गेल्या सात वर्षांचे तंटे निवाड्यासाठी मागवले.

बाजारात केवडाची आई डोळे चोळत उभी होती. लेकीला जवळ घेऊन तिने शिपायाकडे संशयाने पाहिलं.

"हा कोण गं?"

"चांगला माणूस आहे," केवडा म्हणाली. "वेळ पडली तर खोटंही बोलतो."