दार तर उघडेच होते

एकदा एका राजाच्या मनात आले, की आपल्या कचेऱ्यांत जिकडे पाहावे तिकडे पुरुषच का दिसतात? त्याने राज्यातल्या सर्व पाठशाळांना आज्ञापत्र धाडले. लेखनिकांच्या शंभर जागा भरायच्या होत्या. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांसाठी राखल्या होत्या. पौर्णिमेपर्यंत स्त्रियांची नावे न आल्यास त्यांना इच्छा नाही असे समजून त्याही जागा पुरुषांना दिल्या जातील, असे शेवटी लिहिले होते.

नदीकाठच्या एका गावी एक वृद्ध गुरुजी पाठशाळा चालवीत. त्यांचा थोरला शिष्य बुद्धीने तल्लख होता, अक्षर मोत्यासारखे होते आणि या दोन्ही गोष्टी त्याला पुरेपूर ठाऊक होत्या. लेखनिकाच्या जागेवर स्वारीचा डोळाही होताच. त्याने एका बैठकीत राजाला उत्तर लिहिले : 'आमच्या पाठशाळेचे दार स्त्री-पुरुषांस सारखेच उघडे आहे. परंतु बारा वर्षांत एकही स्त्री आली नाही. सबब त्यांस विद्येची इच्छा नाही.'

गुरुजींनी ते वाचले, पण सही केली नाही.

"कासारांची सगुणा मध्यंतरी विचारीत होती ना?" त्यांनी सहज म्हटले.

"होती. मी सांगितले, दार उघडे आहे, ये. आलीच नाही." शिष्य खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी एक विचित्र गोष्ट केली. पाठशाळेच्या पुढच्या दाराला आतून अडसर घातला आणि गवंड्याकडून मागची भिंत फोडून तिथे नवे दार काढले. पुढचे दार हमरस्त्यावर होते. समोर चावडी आणि पार, पारावर सकाळ-संध्याकाळ पुरुषांची बैठक. आपला शिष्यही रोज संध्याकाळी तिथेच बसे. मागे मात्र एक अरुंद बोळ होता आणि बोळात शिरायचे तर बायकांच्या पाणवठ्यावरूनच जावे लागे. तिकडे पुरुष फिरकत नसत. तशी बंदी कुणी घातली नव्हती.

साठी बुद्धी नाठी, असे म्हणून गाव मोकळे झाले.

चाळीस विद्यार्थ्यांपैकी दुसऱ्या दिवशी अकरा आले, चौथ्या दिवशी पाच. एकाला ताप आला होता, एकाची गाय व्याली होती, एकाचा मामा नेमका तेव्हाच गावाहून आला होता. थोरला शिष्य नेमाने येत राहिला, पण त्याचे त्यालाच माहीत. तो पाणवठ्याशी आला, की धुण्याची आपटाआपट थांबे.

"कुणाचं गं हे लेकरू? वाट चुकलं जणू," एक म्हणे.

"आयनं धुणं दिलं नाही व्हय रं संगं?" दुसरी विचारी, आणि हसण्याची लाट उठे.

त्याचे कान तापत. बोळात चिखल होता, म्हणून तो वहाणा हातात घेई, उपरणे डोक्यावरून ओढून घेई आणि मान खाली घालून झपझप चालू लागे. पाठशाळेत पोचला तरी तासभर त्याचे मन पोथीत लागत नसे.

आठव्या दिवशी त्याचा धीर सुटला. "गुरुजी, पाठशाळा ओस पडली! दार उघडा!"

"दार तर उघडेच आहे."

"अहो, पण या वाटेने कोण येणार?"

"का? कुणी अडवले?"

"अडवले नाही..."

"मग त्यांना विद्येची इच्छा नसावी. तू लिहितोस छान, राजाला तसे कळवून टाक."

गुरुजींनी त्याच्या हाताकडे पाहिले. "वहाणा हातात का रे?"

"चिखल आहे, गुरुजी."

"चिखल चार दिवसांनी वाळेल आणि तुझ्या वहाणा पुन्हा पायात येतील. चावडीसमोरून जाताना या गावातली प्रत्येक बाई वहाणा काढून हातात घेते. तिथे कधी चिखल नसतो. तुझी आईसुद्धा घेते. तू पारावर बसून रोज पाहतोस." "आठ दिवसांत तू मेटाकुटीला आलास. सगुणेला आपल्या दारापर्यंत यायचे तर रोज तेवढ्या नजरांतून चालावे लागेल. आपण बारा वर्षे दार उघडे ठेवले आणि वाटेकडे कधी पाहिलेच नाही."

शिष्याला आपली आई आठवली. वाकून वहाणा काढणारी, पदर सावरणारी. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मग बायकांसाठी हे मागचे दारच राहू द्यावे का?" त्याने हळूच विचारले.

"राहू दे. पण कचेरीला मागचे दार नसते, बाळा. सगुणेला तिथे पुढूनच जायचे आहे."

शिष्याने जुने उत्तर फाडले आणि नवे लिहिले : 'दार उघडे होते, वाट नव्हती. ती आता करीत आहोत. तरी स्त्रियांच्या जागा वर्षभर तशाच राखाव्यात.' खाली त्याने सगुणेचे नाव लिहिले, आणि त्याच्या खाली स्वतःचे. गुरुजींनी सही केली. पुढे राजाने मुदत दिली.

उत्तर धाडले त्याच संध्याकाळी शिष्य पारावर गेला, पण बसला नाही. पाठशाळेच्या वेळी इथे कुणी बसू नये, असे त्याने सवंगड्यांना सांगितले. काही हसले, एकाने शिवी हासडली, दोघे मात्र मुकाट्याने उठले.

दुसऱ्या दिवशी पुढचा अडसर निघाला. शिष्याचा निरोप मिळताच सगुणा हमरस्त्याने आली. चावडीपाशी पोचताच ती सवयीने वाकली. शिष्य बाजूला उभा होता.

"सगुणाताई, राहू द्या पायात," तो म्हणाला.

चावडीवर कुणीतरी खाकरले. सगुणा किंचित थबकली, मग तशीच चालत राहिली. तिच्या हातात पाटी होती आणि वहाणा पायात होत्या.