मिरी मुंगीचं दार आणि राणीचं चाक

एक होती मुंगी. नाव तिचं मिरी. मिऱ्याच्या दाण्याहून लहान, पण तोरा केवढा. फाटकाजवळ तिचं घर. घराला एवढंसं दार. दारामागे एवढंसं बाळ.

दसऱ्याची सकाळ. मिरी गेली साखर आणायला. तुरुतुरु, तुरुतुरु. एक दाणा उचलला. डोक्यावर घेतला. परत आली.

बघते तर काय, दारच नाही.

दारावर बसलं होतं काळं काळं चाक. ते होतं नारूकाकांच्या राणीचं. राणी म्हणजे गाडी हो. लांबुडकी, मागे डिकी, सतरा वर्षांची. तीन लाख किलोमीटर पळालेली. पुढे लिंबू-मिरची. मागे लिहिलंय 'आईचा आशीर्वाद'. काकांनी सकाळी तिला पूजेसाठी फाटकाशी आणली. घर्र, घर्र, ढुस्स. राणी थांबली ती थांबलीच.

चाकाखालून आवाज आला, "आई, भूक."

मिरी चाकावर चढली, वर बॉनेटवर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"राणीबाई, राणीबाई,
चाक बसलं दारावर,
बाळ माझं आत, मी बाहेर.
सरकता का जरा?"

राणी म्हणाली, "मी नाही सरकणार. इंजिनात जुनं ऑइल. त्याचा झालाय चिखल. आधी काकांना ऑइल बदलू दे. मग बघू."

मिरी गेली काकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. काका हातात नळी धरून राणीला धूत होते. फुस्स, फुस्स.

"नारूकाका, नारूकाका,
चाक बसलं दारावर,
राणी काही सरकेना,
बाळ माझं आत, मी बाहेर.
ऑइल बदलता का जरा?"

काका हसले. "ऑइल? अगं, आमची राणी अजून नवी आहे. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

मिरीनं काचेतून पाहिलं. प्लास्टिक होतं खरं. फाटलेलं, पिवळं पडलेलं, पण होतं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.

काका म्हणाले, "मी नाही ऑइल बदलणार. आधी मिस्त्री येऊ दे. मग बघू."

मिरी गेली समोरच्या गॅरेजात. तुरुतुरु, तुरुतुरु. हैबती मिस्त्री पाना घेऊन बसले होते. ठकठक, ठकठक.

"मिस्त्रीदादा, मिस्त्रीदादा,
चाक बसलं दारावर,
राणी काही सरकेना,
काका ऑइल बदलेना,
बाळ माझं आत, मी बाहेर.
येता का जरा?"

मिस्त्री म्हणाले, "मी नाही येणार. मागच्या दसऱ्याला आलो होतो. गाडीला कुलूप, किल्ली देवापुढे. बॉनेट उघडू कशानं, नाकानं? आधी काकूंना किल्ली देऊ दे. मग बघू."

मिरी गेली काकूंकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. मालूकाकू देवापुढे बसल्या होत्या. पाटावर किल्ली. किल्लीला हळद, किल्लीला कुंकू.

"मालूकाकू, मालूकाकू,
चाक बसलं दारावर,
राणी काही सरकेना,
काका ऑइल बदलेना,
मिस्त्री काही येईना,
बाळ माझं आत, मी बाहेर.
किल्ली देता का जरा?"

काकू म्हणाल्या, "मी नाही किल्ली देणार. आज गाडीची पूजा. हाराशिवाय कसली पूजा? आधी झेंडू फुलू दे. मग बघू."

मिरी गेली अंगणात. तुरुतुरु, तुरुतुरु. कुंडीत झेंडू. कळ्या मिटलेल्या. पानं सुकलेली.

"झेंडूभाऊ, झेंडूभाऊ,
चाक बसलं दारावर,
राणी काही सरकेना,
काका ऑइल बदलेना,
मिस्त्री काही येईना,
काकू किल्ली देईना,
बाळ माझं आत, मी बाहेर.
फुलता का जरा?"

झेंडू म्हणाला, "मी नाही फुलणार. घसा कोरडा, मुळं कोरडी. आधी नळीला पाणी देऊ दे. मग बघू."

डोक्यावरचा दाणा आता जड झाला होता. मिरी दमली होती. पण चाकाखालून पुन्हा आवाज आला, "आई, भूक." मग कसलं बसणं. मिरी गेली नळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"नळीबाई, नळीबाई,
चाक बसलं दारावर,
राणी काही सरकेना,
काका ऑइल बदलेना,
मिस्त्री काही येईना,
काकू किल्ली देईना,
झेंडू काही फुलेना,
बाळ माझं आत, मी बाहेर.
झेंडूला पाणी देता का जरा?"

नळी म्हणाली, "मी नाही पाणी देणार. मला काकांनी धरलंय. राणीला ही तिसरी आंघोळ. बाहेरून चकचक, आतून चिखल. आधी काकांना मला सोडू दे. मग बघू."

काकांना? पुन्हा काकांनाच? फिरून फिरून भोपळे चौकात.

मिरीला आला राग. एवढीशी मुंगी, एवढासा राग, पण तिखट. तिनं साखरेचा दाणा खाली ठेवला. काकांच्या चपलेवर चढली. अंगठ्याजवळ उभी राहिली.

"नारूकाका, नारूकाका,
चाक बसलं दारावर,
बाळ माझं आत, मी बाहेर.
नळी सोडता का जरा?"

काका म्हणाले, "अजून डिकी धुवायची आहे. मग बघू."

मिरी म्हणाली, "मग नाही. आता बघ."

आणि चावली. कडकडून चावली.

"आई गं!" काका उडाले टुणकन.

काका उडाले, नळी सुटली.
नळी सुटली, सळसळ सळसळ, पाणी झेंडूला.
झेंडू प्यायला, गटगट गटगट, कळ्या फुलल्या.
कळ्या फुलल्या, काकूंनी हार केला, किल्ली दिली.
किल्ली दिली, मिस्त्री आले, बॉनेट उघडलं. खटक.

मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढली. नाकाशी धरली. नाक मुरडलं.

"नारूकाका, हे ऑइल आहे की डांबर?"

काकांनी आभाळाकडे पाहिलं. अंगठा चोळला.

"नवा डबा आणलाय की मी," काका पुटपुटले. "डिकीत आहे."

मिस्त्रींनी डिकी उघडली. होता हो, डबा होता. दोन वर्षांपासून होता. झाकण तसंच बंद. वर हळद, वर कुंकू, वर मागच्या दसऱ्याचं वाळकं फूल. काकांनी डब्याचीसुद्धा पूजा केली होती. फक्त ओतला नव्हता.

काकू काकांकडे बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

मग काकांनी बाह्या सरसावल्या आणि मिस्त्रींच्या हाताखाली कामाला लागले. जुनं ऑइल खाली. टपक टपक. नवं ऑइल वर. ग्लक ग्लक. किल्ली फिरली.

घुर्र, घुर्र, घुर्रर्र.

राणीला बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं. ती सरकली. चाक सरकलं. आणि दार उघडं पडलं.

मिरीनं दाणा उचलला आणि धावली. तुरुतुरुतुरुतुरु. बाळ दारातच उभं होतं. मिरीनं त्याला आधी घट्ट धरलं, मग दाणा दिला. कुटुकुटु, कुटुकुटु.

बाळानं विचारलं, "आई, एवढा उशीर का गं?"

मिरी म्हणाली, "बाळा, सगळे मग बघत होते."

पुन्हा दसरा आला. काकू हार घेऊन उभ्या. मिस्त्री पाना घेऊन उभे. काका डबा घेऊन आले. राणीकडे पाहण्याआधी त्यांनी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं. तिथे दारात मिरी बसली होती. नुसती बसली होती.

काका म्हणाले, "आधी ऑइल. मग हार."

मुंगी गेली घरात,
गोष्ट आली दारात.
राणीला आता जाऊ द्या,
बाळाला साखर खाऊ द्या.