होडीच्या मागचा दोर

फार पूर्वी, समुद्र आजच्याइतकाच जुना आणि किनाऱ्यावरची गावं मात्र नवी होती, तेव्हाची ही गोष्ट.

अशाच एका गावात पोशा नावाचा होड्या बांधणारा राहायचा. माणूस गोड, पण उतावळा. त्याची बायको चांगुणा सावध. तो पुढे धावायचा आणि ती म्हणायची, "अवो, जरा थांबा."

एका वर्षी पोशाने सगळ्या गावासाठी मोठी होडी बांधली. उंचावर, झाडाच्या सावलीत बांधली होती. आता ती उतारावरून पाण्यात न्यायची होती. सगळ्या गावाने जोर लावला, पण होडी तसूभर हलेना. तिचा तळ वाळूला घट्ट घासत होता.

"वाळूवर घासते म्हणून अडते," चांगुणा म्हणाली. "खाली गोल ओंडके घाला. ओंडके फिरतील, होडी सरकेल."

पोशाला ते पटलं. त्याने ओंडके घातले, पुढे उतारावर फळ्या अंथरल्या आणि त्यांना भरपूर तेल चोपडलं.

"एवढं तेल नको," चांगुणा म्हणाली. "आणि मागून एक दोर बांधा."

"शुभ कामाला मागून दोर? आम्ही पुढे ढकलायचं आणि तू मागे ओढायचं?" पोशा हसला. "तुला बाई सगळंच अडवायचं असतं!"

चांगुणाही हसली. पण होडीच्या मागे दोर तिने बांधलाच. झाडाच्या बुंध्याला त्याचे तीन-चार वेढे घातले आणि मोकळं टोक हातात धरून उभी राहिली.

लोकांनी होडीला धक्का दिला. होडी डुलत निघाली. पोरं ओरडली, ढोल वाजला. मग होडी तेलकट फळ्यांवर आली आणि सुसाट सुटली. तिला धरून चालणाऱ्यांचे पाय घसरले. खाली पूजेचं ताट घेऊन म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या. त्यांत पोशाची आईही होती.

"आई, बाजूला हो!" पोशा किंचाळला. म्हातारीचं पाऊल उचलेना.

तेवढ्यात दोर ताणला गेला. बुंध्यावर करकरला, साल सोलून निघाली, धूर आला. चांगुणाचे तळहात भाजले, पण तिने टोक सोडलं नाही. होडी मंदावली आणि म्हातारीपासून हातभर अंतरावर थांबली.

पोशाने खाली धावत जाऊन आईला मिठी मारली, सगळ्या बायकांना बाजूला केलं आणि तो धावत वर आला. "अगं, एवढी होडी तू एकटीने धरलीस?"

"मी कुठली धरते? दोर झाडाला घासला, त्या घासण्यानं धरली. मी फक्त टोक सोडलं नाही."

पोशाने तिचे लाल झालेले हात पाहिले. त्याने डोक्याचं फडकं फाडून तिच्या हातांना गुंडाळलं आणि दोर स्वतःच्या हाती घेतला.

"सोडू का जरा?" त्याने विचारलं.

"सोडा. पण हळू."

वेढ्यांतून दोर इंच इंच सरकला. होडी सावकाश उतरली आणि अलगद पाण्यावर तरंगली. त्या गावात पुढे कुठलीही होडी मागच्या दोराशिवाय पाण्यात गेली नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, पुढे ढकलणारा जसा आपला असतो, तसाच वेळेला अडवणाराही आपलाच असतो.