उन्हावर चालणारी टोपली

त्या पठारावरून दरी ओलांडणारं जे काही होतं, ते सगळं मेलेल्यांच्या जोरावर उडत असे.

पठाराच्या पूर्वेला खोल दरी होती आणि दरीपलीकडे दुसरं पठार. तिकडे नातीगोती होती, औषधी पाला होता, उन्हाळ्यात न आटणारं पाणी होतं. चालत जायचं तर दरीत उतरून पुन्हा वर चढायला अकरा दिवस लागत. म्हणून कितीतरी पिढ्यांपासून गिधाडं लहान जनावरांना वेताच्या टोपलीत बसवून पलीकडे नेत असत. या श्रमाला त्यांना खायला लागे, आणि गिधाडं फक्त मेलेलं खातात. सुरुवातीला रोजचे मृतदेह पुरले. मग येणारीजाणारी वाढली, टोपल्या वाढल्या, आणि ज्या खड्ड्यांत पूर्वजांना पुरलं होतं ते उकरायला सुरुवात झाली.

वास सगळीकडे होता. ओढ्याचं पाणी तपकिरी झालं होतं. पिल्लं खोकत जन्माला येत आणि खोकतच मोठी होत. हे खोटं आहे असं गिधाडंही म्हणत नसत. ती एवढंच विचारत, "मग नका ना बसू टोपलीत. आम्ही कुठे हात धरतोय?" आणि पुढची टोपली भरायची.

अशा दिवसांत दक्षिणेच्या रानातून एक शेकरू आलं. त्याची शेपटी झुपकेदार होती आणि आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपण उगाच इतके दिवस वाईट वागलो असं वाटावं. त्याच्याबरोबर चाळीस मोठे चतुर होते. चतुरांच्या शेपटांना दोऱ्या होत्या आणि दोऱ्यांना कमळाच्या पानांची हलकी टोपली. टोपलीच्या मधोमध एक काळा दगड होता.

"हे ऊन पिऊन उडतात," शेकरू म्हणालं. "दुसरं काही खात नाहीत."

चतुर डास खातात हे सगळ्यांना माहीत होतं, पण डासांची बाजू घेणारं सभेत कुणी नव्हतं.

शेकरूने रीत समजावून सांगितली. उडताना चतुराचे पंख निवतात. निवलेला चतुर टोपलीत उतरतो, उन्हात तापवलेल्या काळ्या दगडावर पंख शेकतो आणि पुन्हा आपल्या दोरीला लागतो. सकाळ निवांत होती, पान हलत नव्हतं. सहा ससे टोपलीत बसले, टोपली भुणभुणत वर उठली, दरीपलीकडे गेली आणि परत आली. ना वास, ना घाण. पठारावरच्या जनावरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं. इतक्या वर्षांनी आपण स्वच्छ होऊ शकतो हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

पठाराच्या सभेचे अध्यक्ष मोठ्या चोचीचे धनेश होते. त्यांनी त्याच दिवशी गिधाडांना कड्यावरून उठायला सांगितलं, आणि नव्या टोपलीला हिरवी टोपली असं नाव दिलं.

दगड पारखायचं काम भिवरा घोरपडीकडे आलं. घोरपडीच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, त्यामुळे दगडाची ऊब तिच्याइतकी कुणाला कळत नाही. भिवरा दगडावर पोट टेकवून पडे आणि तो किती वेळ तग धरेल ते सांगे. आयुष्यभर तिने हेच केलं होतं, फक्त आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. काम मिळालं याचा तिला अभिमान वाटला. तिने मनापासून केलं. सावलीत दगड ठेवून पाहिला, उन्हात पाहिला, कड्याच्या टोकाशी वाऱ्यात नेऊन पाहिला. बारा दिवसांनी ती सभेसमोर उभी राहिली.

"वारा नसेल, तर पोचेल," ती म्हणाली.

"आणि वारा असेल तर?" धनेशांनी विचारलं.

"दरी निम्म्याहून थोडी जास्त पार होईल. त्यानंतर तो नुसता दगड."

"मग मोठा दगड ठेवा."

"मोठा दगड जास्त वेळ गरम राहतो, पण जडही तेवढाच होतो. पुरेसा मोठा ठेवला, तर टोपलीत दगडाशिवाय कुणाला बसता येणार नाही. मग आपण पलीकडे दगड पोचवू, तेवढं जमेल."

कुणीतरी हसलं. शेकरू हसलं नाही. ते अगदी समजुतीने म्हणालं, "भिवराताई, आजचा दगड हाच शेवटचा दगड आहे का? उत्तरेच्या डोंगरात याच्या दुप्पट ऊब धरणारे दगड सापडणार आहेत."

"सापडले की आणा. मी पोट टेकवून बघते."

तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "हिला गिधाडांचा पुळका आलाय."

भिवराने वळून पाहिलं. बोललेलं उदमांजर तिच्या ओळखीचं होतं. त्याची तीन पिल्लं खोकून मेली होती. 

चार दिवसांनी कड्यावर, टोपली जिथून उडायची तिथे, एक पांढरी शिळा उभी राहिली. तिच्यावर कोरलं होतं: "भिवरा घोरपड सांगते, पोचेल."

भिवरा शेकरूकडे गेली. "माझं वाक्य अर्धं आहे इथे."

"ओळ लांब होत होती," शेकरू म्हणालं. "पण बघा, आम्ही आमच्या मनाचा एकही शब्द घातलेला नाही. सगळे तुमचेच आहेत."

"पहिले शब्द कुठे गेले?"

"ताई, वाऱ्याचं नाव वाचलं तर कोण बसेल? आणि कुणी बसलं नाही, तर गिधाडं परत येतील. तुम्हाला ती परत यायला हवी आहेत का?"

तिला नको होती. तिलाही ओढा स्वच्छ व्हायला हवा होता. हिवाळा तोंडावर होता, आणि त्याच संध्याकाळी सभेने तिच्या बिळाशी रोज एक तापलेला दगड ठेवायची सोय करून दिली. जन्मात पहिल्यांदा तिला थंडीत सकाळी उठताना हातपाय हलवता आले. पुढच्या सभेत बोलू, असं तिने ठरवलं. पुढच्या सभेत दुसरे विषय निघाले. आकाश ढगाळ झालं तरी टोपलीत दगड मात्र रोज तापलेलेच येत. कुठे तापतात, हे तिने विचारलं नाही.

हिरवी टोपली एकोणीस वेळा गेली आणि आली. वारा नव्हता.

भिवराच्या बिळाशेजारी गोदा सशीण राहत असे. तिच्या मागच्या पायांत आता उडी उरली नव्हती. तिची मुलगी पलीकडच्या पठारावर दिली होती आणि पहिलटकरीण होती. गोदाने महिनाभर बाभळीचा डिंक गोळा करून पानात बांधून ठेवला होता.

"भिवरे, जाऊ ना गं मी टोपलीतून?" तिने विचारलं.

"वारा नसेल त्या दिवशी जा."

"तिचे दिवस भरलेत. मी वाऱ्याला विचारत बसू का? आणि तूच तर लिहिलंयस तिथे, पोचेल म्हणून. तुझं नाव आहे म्हणून तर मला धीर आला. त्या शेकरूवर कोण विश्वास ठेवतंय!"

भिवराने तोंड उघडलं. त्या वाक्याला पुढे शेपूट नव्हतं, डोकं होतं आणि ते छाटलेलं होतं, हे सांगायला फार तर दोन श्वास लागले असते. पण सांगितलं असतं, तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. "सकाळी सकाळी निघ," ती म्हणाली. "सकाळी वारा पडलेला असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड कमी पडले म्हणून ते आणायला भिवराला टेकडीमागे पाठवलं गेलं. ती तिकडे कधी गेली नव्हती. टेकडीची पठाराकडची बाजू सगळ्यांना माहीत होती. तिथे सपाट कातळावर काळे दगड ओळीने उन्हात मांडलेले असत आणि पिल्लांना ते दाखवायला नेत. मागच्या बाजूला साळिंदरांची वस्ती होती, जी सभेत कधी बसत नसे.

तिथे जुने खड्डे होते. ते आता पूर्वीपेक्षा खोल खणलेले होते. साळिंदरं मेलेल्यांची चरबी काढून मोठमोठ्या चुलाण्यांत जाळत होती आणि चुलाण्यांवर काळे दगड तापत होते. गिधाडांना दिवसाला लागायचं त्याच्या दीडपट इथे लागत होतं, कारण आच दगडात जाताना निम्मी हवेतच जात होती. साळिंदरांची पिल्लं राखेत खेळत खोकत होती.

"कधीपासून?" भिवराने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," एक म्हातारी साळिंदर म्हणाली. "उन्हाने दगड दुपारी तापतो, बाई. लोकांना सकाळी जायचं असतं. तू पारखणारी ना? तुला कळलं नाही?"

तेवढ्यात चुलाण्यांचा धूर वाकला. सरळ वर जाणारा धूर एकाएकी जमिनीशी आडवा झाला आणि दरीच्या दिशेने ओढला जाऊ लागला.

ती पळाली. घोरपडीला थंडीत जेवढं पळता येतं तेवढं पळाली. कड्यावर पोचली तेव्हा गोदा बसलेली टोपली निम्म्याहून थोडी पुढे गेली होती. पठारावरची जनावरं टाळ्या वाजवत होती, कारण लांबून टोपली डुलताना छान दिसत होती. मग चतुर एकेक करून दगडावर उतरू लागले आणि उतरलेले परत वर जाईनात. भुणभुण विरळ झाली. मग थांबली.

टाळ्या थांबायला त्याहून थोडा वेळ लागला.

चौकशी नीट झाली. धनेशांनी सांगितलं, की वारा अचानक आला आणि वाऱ्यावर सभेचा ताबा नाही. भिवरा उठली. तिने छाटलेलं वाक्य पूर्ण सांगितलं, टेकडीमागचे खड्डे सांगितले, चुलाणी सांगितली.  ती थांबल्यावर धनेशांनी चोच किंचित कलती केली.

"हे वाक्य तुमच्याकडे कधीपासून होतं, भिवराबाई?"

"पहिल्यापासून."

"मग त्या सकाळी तुम्ही शिळेपाशी का उभ्या नव्हता?"

 शेकरूने मान खाली घातली. टोपलीत बसलेल्यांसाठी सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहिले. मग उदमांजर तिच्याजवळ आलं आणि हळू आवाजात म्हणालं, "चुलाणी टेकडीमागे आहेत ना? मग असू देत. इथे ओढा साफ झालाय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ते हात जोडून मागत होतं.

सभेबाहेर गिधाडांचा म्होरक्या वाट पाहत बसला होता. "आमच्या बाजूने चल," तो म्हणाला. "एवढंच सांग, की आमची टोपली कधी पडली नाही."

"पडली नाही हे खरं," भिवरा म्हणाली. "पण माझ्या शेजारणीच्या आधीच्या चार पिल्लांना तुमच्या ओढ्यानेच खाल्लं. मी तुमच्या बाजूचीही नाही."

"मग कुणाच्या?"

भिवरा दरीत उतरू लागली.

तिसऱ्या दिवशी तिला तळाशी कमळपानांची टोपली सापडली. काळा दगड फुटला होता. चतुरांचे पंख खडकांवर अभ्रकासारखे पसरले होते. डिंकाचं पुडकं एका झुडपात अडकलं होतं, तसंच बांधलेलं. गोदा मात्र कुठेच नव्हती. टोपलीत बसलेल्या सहांपैकी कुणीच नव्हतं, एक हाडसुद्धा नाही. फक्त ओढत नेल्याच्या खुणा होत्या, आणि त्या दरीच्या कडेकडेने जाऊन टेकडीमागच्या वाटेला लागत होत्या. वर हिरवी टोपली पुन्हा सुरू झाल्याची भुणभुण ऐकू येत होती. त्या आठवड्यात तापलेले दगड कमी पडले नव्हते.

भिवराने पुडकं तोंडात धरलं आणि चढायला सुरुवात केली.

अकराव्या दिवशी दुपारी ती पलीकडच्या पठारावर पोचली. तिने मागे वळून पाहिलं. इथून टेकडी आडवी दिसत होती, आणि तिच्या दोन्ही बाजू एकाच नजरेत येत होत्या. डावीकडे उन्हात ओळीने मांडलेले दगड आणि ते बघायला आलेली पिल्लं. उजवीकडे चुलाणी. चुलाण्यांचा धूर दरीवरून सरळ याच बाजूला येत होता.

गोदाची मुलगी एका काटेरी जाळीखाली बसली होती. तिच्या पोटाशी चार पिल्लं होती, आठवडाभराची.

"भिवरामावशी! तू चालत आलीस?" ती चकित झाली. "आई कुठंय? ती टोपलीतून येणार होती ना? इथे आम्ही रोज बघतो टोपली येताना. काय सुरेख दिसते! तुमचं पठार किती पुढे गेलं, असं सगळे म्हणतात."

भिवराने पुडकं तिच्यासमोर ठेवलं. मुलीने गाठ पाहिली. गाठ आईची होती.

"ती पडली," भिवरा म्हणाली. "वारा होता. मला माहीत होतं."

मुलगी रडली नाही.  काय करावं हे न कळल्यासारखी ती एका पिल्लावर वाकली आणि त्याला चाटू लागली.

"इथे हल्ली असंच धुकं असतं," ती मधेच म्हणाली. "तुमच्याकडून येतं. गेल्या आठवड्यात तर फार होतं. पिल्लं करडी झाली, बघ. मी दिवसभर चाटते, तरी पुन्हा करडी होतात."

धुकं जाळीतून खाली उतरत होतं, अगदी बारीक, तेलकट. ते पिल्लांच्या कानांवर बसत होतं. मुलगी कान चाटत होती, पाठ चाटत होती, बंद डोळ्यांच्या कडा चाटत होती. मग तिने भिवराकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि भिवराला तिची जीभ दिसली. ती काळी होती.